घरघंटीचे नऊ महिने: दळायला वीस मिनिटे, निवडायला तासभर

गेल्या दिवाळीत आम्ही एक अश्वशक्तीची घरघंटी घेतली. आता आषाढ सुरू आहे, म्हणजे थंडी, उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात असे तिन्ही ऋतू तिने आमच्या घरात पाहिले आहेत. घरात माणसे पाच, रोज एका वेळेला भाकरी ठरलेली आणि महिन्याचे दळण सगळी धान्ये मिळून साधारण अठरा किलो. खालचा अनुभव एवढ्या वापरावर बेतलेला आहे.

घरघंटी घेण्याचे खरे कारण बाजरी होते. बाजरीत स्निग्धांश साधारण पाच टक्के, म्हणजे गव्हाच्या दुपटीहून जास्त असतो. दाणा अख्खा असतो तोवर हे तेल सुरक्षित राहते, पण दळले की दाण्यातलीच विकरे आणि हवा त्याच्यावर काम करू लागतात आणि आठ-दहा दिवसांत पिठाला कडवट चव आणि जुनाट वास येतो. पाकिटातले बाजरीचे पीठ आम्हाला बहुतेक वेळा असेच मिळाले. गिरणीत दोन किलोंच्या आत दळून देत नसत, आणि तेवढे पीठ संपेपर्यंत शेवटच्या भाकऱ्या कोणी खात नसे. हे सगळे माहीत असूनही पहिल्याच रविवारी मी उत्साहाने तीन किलो बाजरी दळली आणि बाराव्या दिवशी उरलेले पीठ टाकून दिले. घरात यंत्र आले म्हणून पिठाचे आयुष्य वाढत नाही, हे त्या दिवशी कळले. आता मी बाजरी अर्धा किलोच दळते, चार दिवसांत संपवते आणि पाहुणे येणार म्हणून जास्त दळलीच, तर उरलेले पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवते.

ज्वारीची अडचण वेगळी आहे. ती लवकर कडू होत नाही, पण पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्यामुळे भाकरी थापताना पिठाला धरून ठेवणारे मुळातच कमी असते, आणि विरी गेली की भाकरीच्या कडा चिरत जातात आणि परातीतून तव्यावर नेताना ती मधोमध तुटते. सासूबाई सोलापूरकडच्या आहेत. माझी तुटलेली भाकरी पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, विरी गेलीय त्याची, उकळतं पाणी घाल." आधणाचे पाणी ओतून पाच मिनिटे झाकून ठेवले आणि मग मळले, की जुने पीठही थापले जाते, कारण उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो. ताज्या दळलेल्या मालदांडी ज्वारीला मात्र कोमट पाणीही पुरते, आणि भाकरीचा पापुद्रा असा सुटतो की लहान मुलगा आधी तोच ओढून खातो.

यंत्रातून पीठ गरम निघते, ही गोष्ट माहितीपत्रकात असूनही मी पहिले दोन महिने मनावर घेतली नाही. गरम पीठ डब्यात भरून झाकण लावले की आतून घाम सुटतो, झाकणाखाली गोळे बनतात आणि त्यांना बुरशीचा वास येतो. आता पीठ आधी मोठ्या परातीत पसरते आणि अर्ध्या-पाऊण तासाने, हाताला गार लागल्यावरच, डब्यात भरते.

सर्वांत मोठी फजिती नाचणीची झाली. नाचणी धुऊन, बारा तास भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजायची आणि मग दळायची, ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे. मोड आणल्याने धान्यातले फायटिक आम्ल कमी होते आणि नाचणीतले लोह व कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. फेब्रुवारीत वाळवण वरून कोरडे दिसत होते, पण दाणा दाताखाली कटकन फुटत नव्हता. तरीही मी ते घंटीत घातले. पाचव्या मिनिटाला मोटरचा आवाज जड झाला आणि बारीक जाळीवर ओलसर पिठाचा लेप बसून ती पुरती बंद झाली. जाळी काढून ब्रशने घासायला दीड तास गेला. तेव्हापासून दाणा चावून पाहिल्याशिवाय मी नाचणी घालत नाही. तीळ आणि शेंगदाणे तर या यंत्रात घालूच नयेत, कारण त्यांच्या तेलानेही जाळी अशीच बसते. त्यांच्या कुटासाठी मिक्सर बरा.

दळणाला वेळ फारसा लागत नाही, पण धान्य निवडायला, चाळायला आणि पाखडायला लागतो. ज्वारीतला एक खडा पात्याला लागला तेव्हाचा आवाज शेजाऱ्यांनीही ऐकला असेल. एरवीही आवाज पुष्कळ आहे, त्यामुळे दुपारी दोन ते चार मी दळत नाही. विजेचा खर्च मात्र नगण्य आहे: मोटर सलग तासभर चालली तरी पाऊण युनिटच्या आसपास.

साठवणीबाबत माझे मत स्पष्ट आहे: पिठाऐवजी धान्य साठवावे, आणि तेही पूर्ण वाळवून. एप्रिलमध्ये घेतलेली ज्वारी तीन दिवस कडक उन्हात घालून, गार करून, कडुनिंबाच्या सुकवलेल्या पाल्यासह पत्र्याच्या डब्यात भरली. तिला अजून टोके लागलेले नाहीत. बाजरी आणि डाळी थोड्याच असतात, म्हणून त्या चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून किडीची अंडी मारते आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण दिवस तशीच राहू देते, नाहीतर थंड दाण्यावर पाणी सुटते.

उपासाचे दळण असेल तेव्हा डबा, जाळी आणि फिल्टरची कापडी पिशवी झटकून आधी मूठभर वरई दळून बाजूला काढते, तरीही कोपऱ्यात गव्हाचे पीठ राहतेच. ज्यांच्या घरी कोणाला ग्लुटेन अजिबात चालत नाही, त्यांनी या यंत्रात गहू कधीच घालू नये.

दोघांच्या घरासाठी मी ही खरेदी सुचवणार नाही. चाके असली तरी हे जड धूड स्वयंपाकघराचा कोपरा कायमचा अडवते. आमच्याकडे ते टिकले ते भाकरीमुळे. विक्रीनंतरच्या सेवेबद्दल मात्र नाराजी आहे. मेमध्ये भाजणीची जाड जाळी एका कडेला फाटली, दुसरी मागवली, दोनदा चुकीच्या मापाची आली आणि तिसरी अजून आलेली नाही, त्यामुळे थालीपिठाची भाजणी सध्या पुन्हा कोपऱ्यावरच्या गिरणीतूनच दळून येते.