उताणं, उकिडवं, ओणवं की कुशीवर? बाळंतपणासाठी स्थिती निवडताना

नववा लागला की माहेरी आलेली लेक दवाखान्याची पिशवी भरून ठेवते, दुपटी-झबली धुऊन वाळवते, रक्ताचे रिपोर्ट एका फाइलीत लावते. पण कळा आल्यावर कसं बसायचं आणि बाळ बाहेर येताना कसं निजायचं, हे मात्र बहुतेक वेळा टेबलावर चढल्यावरच ठरतं. टेबलाची घडण उताणं निजण्यासाठी असते, म्हणून बाई उताणी निजते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितलं आहे की बाळंतपणाची स्थिती बाईच्या पसंतीची असावी, पेनलेस डिलिव्हरीचं इंजेक्शन घेतलेलं असो वा नसो. पसंती सांगायची तर आधी प्रत्येक स्थितीचे गुणदोष माहीत हवेत. ते इथे मांडतो आहे. माझा कल कुठे आहे तो वाचता वाचता कळेलच.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. कळा सुरू होऊन गर्भपिशवीचं तोंड उघडत असतानाचे तास आणि तोंड पूर्ण १० सेंटिमीटर उघडल्यावर जोर करायची वेळ, हे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याबद्दल फारसा वाद नाही. उभं राहावं, चालावं, खुर्चीवर उलटं बसून पाठीकडच्या बाजूवर डोकं टेकावं. बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी २०१३ साली झाली. त्यात उभं राहणाऱ्या, हिंडणाऱ्या बायकांचा पहिला टप्पा निजून राहणाऱ्यांपेक्षा सरासरी १ तास २२ मिनिटांनी कमी भरला. दर अर्ध्या तासाने स्थिती बदला, दोन तासांतून एकदा लघवीला जा. भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा, डॉक्टरांनी मना केलं नसेल तर, घोट घोट पाणी किंवा लिंबूसरबत चालू ठेवा. कोरड्या अंगाने आलेली कळ जास्त थकवते. फक्त पाणमोट फुटली असेल आणि बाळाचं डोकं अजून वरच असेल, तर तपासणी होईपर्यंत हिंडू नका, निजून राहा. अशा वेळी नाळ डोक्याच्या आधी खाली सरकायचा धोका असतो.

खरा प्रश्न दुसऱ्या टप्प्याचा.

उताणं निजून, पाय वर टांगून बाळंत होण्याचे फायदे प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक डॉक्टरांच्या बाजूचे आहेत. उजेड नीट पडतो, हात कुठे ठेवायचा ते सवयीने माहीत असतं. बाळाचं डोकं ओढून काढायला व्हॅक्यूम किंवा चिमटा लावायची वेळ आली, टाके घालायचे असले, तर हीच स्थिती सोयीची. बाळाचा खांदा अडकला तर दोन्ही गुडघे छातीशी घट्ट दाबण्याचा पहिला उपायही उताण्या स्थितीतलाच, म्हणून तिला निरुपयोगी म्हणता येणार नाही. पण तासभर तसंच पडून राहायचं म्हणजे भरलेल्या गर्भपिशवीचं वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आईला गरगरतं आणि बाळाचे ठोके उतरू लागतात. शिवाय माकडहाड टेबलाखाली दाबलं जातं. एरवी ते मागे झुकून डोक्याला वाट देतं, ती वाट बंद होते. बाळाची वाट शेवटी पुढच्या बाजूला वळते, म्हणून उताण्या बाईला चढावर ढकलल्यासारखा जोर करावा लागतो. उताणंच राहायचं ठरलं तर पाठीचा भाग निदान अर्धा उचलून घ्यायला सांगा, आणि उजव्या कुल्ल्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवा.

उकिडवं बसणं हे आपल्याकडचं जुनं आसन. गावाकडे खांब किंवा आढ्याला बांधलेला दोर धरून बायका बाळंत होत, ते याच आसनात. ओटीपोटाच्या हाडांचं खालचं तोंड उकिडव्यात रुंदावतं आणि वजन बाळाला खाली ओढतं. पण पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे. टाच उचलली की पोटऱ्यांना गोळे येतात. लहानपणापासून कमोड वापरणाऱ्या मुलीला पाच मिनिटांवर उकिडवं बसवत नाही, आणि देशी संडासाची सवय असलेली बाई अर्धा तास सहज बसते. हा फरक आठव्या महिन्यात घरीच कळून येतो, तेव्हा बसून पाहा. टाच टेकत नसेल तर खाली चादरीची गुंडाळी द्या. कळ आली की बसायचं, कळ ओसरली की मागे टेकून सुटायचं. एका वेळी वीस मिनिटांच्या वर सलग बसू नये, खालची जागा सुजते आणि सुजलेली जागा लवकर फाटते. डोकं बऱ्यापैकी खाली उतरल्यावरच हे आसन कामाचं, वर असताना नाही. उभ्या-बसत्या स्थितीत योनीच्या तोंडाशी छेद देण्याची आणि चिमटा लावण्याची वेळ कमी येते, असं २०१७ च्या एका छाननीत दिसलं. त्याच छाननीत ५०० मिलिलिटरच्या वर रक्त जाण्याचं प्रमाण मात्र थोडं जास्त नोंदलं गेलं. भांड्यात साठल्यामुळे ते जास्त दिसतं की खरोखर जास्त जातं, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. तरी हिमोग्लोबिन १० च्या खाली असलेल्या बाईने हा मुद्दा डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावा.

ओणवं होणं, म्हणजे हातागुडघ्यांवर किंवा गुडघ्यांवर बसून पलंगाच्या उचललेल्या डोक्याकडच्या भागाला मिठी मारणं, हे कंबरेतून कळा येणाऱ्यांसाठी वरदान आहे. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की कळेचा सगळा भार कंबरेवर येतो. ओणवं झाल्यावर तो भार सुटतो आणि मागून आईने किंवा मावशीने माकडहाडाच्या वर तळहाताने दाबून धरलं की कळ निम्मी वाटते. गुडघ्यांखाली चौघडी ब्लँकेट हवंच. टेबलावर रेक्झिन, त्यावर मॅकिंटॉश म्हणजे रबरी चादर, त्यावर पातळ चादर. घामाने ती चादर गोळा होते आणि गुडघे सरळ मॅकिंटॉशवर घासतात. मनगटं अर्ध्या तासात दुखायला लागतात, म्हणून तळहातांऐवजी कोपरांवर या आणि छातीखाली उशी घ्या. ज्यांना जमतं त्यांना हे आसन फार आवडतं.

आता बाळाचे ठोके मोजणाऱ्या मशीनचा पट्टा. निवडीचा काटा हलतो तो इथे.

लेबर रूममध्ये या मशीनला, म्हणजे ठोके आणि कळा कागदावर उतरवणाऱ्या एनएसटीच्या मशीनला, दोन पट्टे असतात. वरच्या पट्ट्याची चकती पोटाच्या माथ्यावर बसते आणि कळ मोजते. खालच्या पट्ट्याखाली जेल लावलेली चकती असते, ती बाळाचे ठोके पकडते. ती बाळाच्या पाठीच्या रोखाने, बेंबीच्या खाली एका बाजूला नेमकी बसवावी लागते. बाई उकिडवी बसली की पोटाचा आकार बदलतो आणि चकती बोटभर वर सरकते. ओणवी झाली की पोट खाली लोंबतं, पट्टा सैल पडतो आणि चकती हवेत राहते. कागदावरची रेघ तुटते. कधी चकती आईचीच नाडी पकडते, मशीनवर १४० च्या जागी ९० दिसतं आणि खोलीत धावपळ होते. सिस्टर येते, जेल पुन्हा लावते, पट्टा आवळते, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला ती म्हणते, "ताई, जरा सरळ व्हा ना, ठोके नाही भेटून राहिले." तिची काही चूक नसते, तिला चार टेबलं सांभाळायची असतात. पण ताई सरळ होते आणि मग सरळच राहते. चांगलं चाललेलं आसन असं पट्ट्यापायी सोडावं लागतं, हे इतक्यांदा पाहण्यात येतं की हाताने आणि डोळ्यांनी शिकलेली ही गोष्ट मला सगळ्या तक्त्यांपेक्षा वजनदार वाटते.

यावर खरा उपाय हातातला डॉपलर, म्हणजे पोटाला टेकवून ठोके ऐकायचं छोटं यंत्र. जोखीम नसलेल्या बाळंतपणात सतत पट्टा लावून ठेवायची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर करताना दर ५ मिनिटांनी ठोके ऐकावेत, असं ती म्हणते. डॉपलर ओणव्या बाईलाही लावता येतो. पण आधीचं सिझेरियन, वाढलेलं बीपी, कळा वाढवायची ड्रिप, पाणमोटेचं हिरवट पाणी, यांपैकी काही असेल तर पट्टा लागतोच, आणि तो योग्यच आहे.

म्हणून कुशीवर. शक्यतो डाव्या.

कुशीवर पोट गादीवर टेकतं, चकती जागची हलत नाही. हवं तर पोटाखाली हातरुमालाची घडी सरकवा, सिस्टरला पुन्हा यायची वेळ पडत नाही. मोठी शीर मोकळी राहते, माकडहाड मोकळं राहतं. हाताला सलाइन असली तरी चालतं. दोन कळांच्या मधल्या दोन-तीन मिनिटांत डोळा लागू शकतो, आणि रात्रभर कळा देऊन सकाळी जोर करणाऱ्या पहिलटकरणीला ती झोप किती कामाची, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसतं. टेबल जेमतेम अडीच फूट रुंद असलं तरी कुशीवर मावता येतं.

पेनलेसचं इंजेक्शन घेतलं असेल तर माझा कल आणखी पक्का आहे. २०१७ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, असं इंजेक्शन घेतलेल्या पहिलटकरणींच्या दोन गटांची तुलना झाली. कुशीवर निजलेल्यांपैकी ४१ टक्के जणी चिमटा, व्हॅक्यूम किंवा सिझेरियनशिवाय बाळंत झाल्या. उठून बसलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. इंजेक्शन घेतलं नसेल तर हा आकडा तुम्हाला लागू नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

करायचं असं. कुल्ले टेबलाच्या पायाकडच्या कडेजवळ आणा, पाठ किंचित गोल ठेवा. खालचा पाय थोडा मुडपलेला, वरचा गुडघा पोटाकडे. कळ नसताना दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी. कळ आली की सोबतची बाई वरचा पाय गुडघ्याखालून आणि टाचेखालून धरते आणि कुल्ल्याच्या उंचीपर्यंतच उचलते. हनुवटी छातीला लावायची आणि शरीर सांगेल तसा जोर करायचा. चूक इथे होते: उत्साहाच्या भरात पाय फार वर आणि फार बाहेर ओढला जातो. इंजेक्शनमुळे मांडी बधिर असेल तर बाईला ताण कळत नाही, आणि मज्जातंतू ताणला जाऊन पुढे काही दिवस पाय लुळा वाटू शकतो. डोकं अगदी तोंडाशी आलं की जोर थांबवून फुंकर मारल्यासारखे श्वास घ्यायचे. कुशीवर डोकं सावकाश बाहेर येतं, हवं तेवढं आवरता येतं, आणि त्यामुळे फाटणं कमी होतं असं माझं निरीक्षण आहे.

उणेही आहेत. वजनाची मदत उकिडव्याइतकी मिळत नाही. तासभर जोर करूनही डोकं पुढे सरकत नसेल तर कुशीचा हट्ट धरू नये, दोन-चार कळा उकिडवं किंवा ओणवं होऊन पाहावं आणि मग परत कुशीवर यावं. डाव्या कुशीवर ठोके उतरले तर लगेच उजवीवर वळा, नाळेवरचा दाब कधी कधी तेवढ्याने सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या, पाय मजबूत असलेल्या बाईला उकिडवंच बरं वाटत असेल तर तिला अडवू नये. आणि कुशीवर पाय धरायला माणूस लागतोच, तो नसेल तर हे आसन अर्धवट राहतं. २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला घरची बाई ठेवायची मुभा आहे. नागपुरातलं मेडिकल असो, मेयो असो की डागा दवाखाना, सोबत कोण येणार हे नाव नोंदवतानाच विचारून ठेवा. खासगीत नवऱ्याला आत घेतात का, तेही.

छत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा. कुशीवर बाळंत करण्याची तुम्हाला सवय आहे का? सगळं ठीक असेल तर पट्ट्याऐवजी डॉपलर चालेल का? टाक्यांची वेळ आली तर तेव्हाच उताणं केलं तर चालेल ना? पहिल्या प्रश्नाला "नाही" आलं तर जबरदस्ती करू नका. ज्या हातांना सवय नाही त्यांच्याकडून ऐनवेळी नवं आसन करून घेण्यात धोका आहे. पण जोर करण्याचा काळ कुशीवर काढून अगदी शेवटी पाठ उचलून उताणं होणं, एवढं बहुतेक ठिकाणी मान्य होतं.

आणि घरी एकदा दिवाणावर सराव करून घ्या. आईने किंवा वहिनीने वरचा पाय मिनिटभर धरून पाहावा, दोन मिनिटं सोडावा, पुन्हा धरावा. चार-पाच खेपांत हात भरून येतात. मग धरणारीने दिवाणाला कंबर टेकून उभं राहावं आणि पाऊल आपल्या कुल्ल्याच्या हाडावर टेकवून घ्यावं, म्हणजे भार हातांवर न येता अंगावर येतो.