‘ईव्हन’साठी मराठीत कोणता शब्द निवडावा?

इंग्रजीतून मराठीत लिहिताना ‘ईव्हन’ समोर आला की बहुतेकांचा हात ‘सुद्धा’कडे जातो. निम्म्या वेळा ते बरोबर ठरतं. उरलेल्या वेळी वाक्य अडखळतं, कारण ‘सुद्धा’ दोन कामं करतो. ‘त्यानेसुद्धा पत्र वाचलं’ याचा अर्थ ‘इतरांबरोबर त्यानेही’ असा होतो, आणि ‘ज्याच्याकडून अपेक्षाच नव्हती त्याने’ असाही होतो. इंग्रजीत पहिल्या अर्थाला ‘ऑल्सो’ आणि दुसऱ्याला ‘ईव्हन’ असे वेगळे शब्द आहेत.

म्हणून जिथे आश्चर्य पोचवायचं आहे तिथे मी एकट्या ‘सुद्धा’वर विसंबत नाही. ‘अगदी त्यानेसुद्धा’ म्हटलं की शंका उरत नाही. नकारात तर मराठीकडे याहून सरस शब्द आहे: ‘साधा’. ‘त्याने साधा फोनही केला नाही’ या वाक्यात जी बोच आहे, ती ‘त्याने फोनसुद्धा केला नाही’ यात थोडी कमी भासते. ‘देखील’ला लेखी, किंचित औपचारिक वळण आहे, संवादात मला ‘-ही’ जास्त आवडतो. जागाही सांभाळायला हवी. इंग्रजीत ‘ईव्हन’ सहसा शब्दाच्या आधी येतो, मराठीत ‘सुद्धा’ शब्दाला मागून जोडतात. ‘मुलानेसुद्धा शिक्षकांना पत्र दाखवलं’ आणि ‘मुलाने शिक्षकांनासुद्धा पत्र दाखवलं’ या दोन वेगळ्या हकिकती आहेत.

तुलनेत मात्र नुसता ‘सुद्धा’ जोडून भागत नाही. ‘ईव्हन बेटर’ म्हणजे ‘आणखी चांगलं’ किंवा ‘त्याहूनही चांगलं’.

‘ईव्हन इफ’ आणि ‘ईव्हन दो’ यांत घोळ होतो, कारण ‘जरी… तरी’ दोन्हीकडे बसतं. पहिल्यात गोष्ट घडेल की नाही ते ठरलेलं नाही: ‘पाऊस आला तरी खेळू’. दुसऱ्यात ती खरीच आहे: ‘पाऊस असूनही खेळलो’. वस्तुस्थिती सांगायची असेल तर ‘असूनही’ निवडा.

विशेषण म्हणून ‘ईव्हन’ आला, तर निवड पुढच्या नामावर सोपवावी. संख्या ‘सम’ (शून्यही समच), वाटणी ‘सारखी’, सामना ‘बरोबरीत’, रंगाचा हात ‘एकसारखा’, श्वास ‘एका लयीत’. पृष्ठभागासाठी ‘सपाट’ की ‘समतल’, हा प्रश्न खरा अवघड. रंधा मारलेली फळी तिरकी टेकवली तरी ती ‘ईव्हन’च राहते, कारण तिच्यावर उंचवटे नाहीत, ‘लेव्हल’ मात्र उरत नाही. ‘समतल’ वाचून आडवी, न झुकलेली जागा डोळ्यांसमोर येऊ शकते, म्हणून इथे मी ‘सपाट’ घेईन.

‘ईव्हनिंग’चा याच्याशी काही संबंध नाही. तो संध्याकाळसाठीच्या वेगळ्याच जुन्या इंग्रजी शब्दातून आला आहे. जर्मन ‘एबेन’ मात्र ‘ईव्हन’चा खरा भाऊबंद, आणि त्याचाही एक अर्थ सपाट असाच.

उरला हिशेबाचा अर्थ. धंद्यात ‘ब्रेक ईव्हन’ म्हणजे ‘ना नफा ना तोटा’. ‘गेट ईव्हन’मध्ये राग आहे, म्हणून ‘उट्टं काढणं’. आणि दोघांचं देणंघेणं मिटल्यावर ‘वी आर ईव्हन’ म्हणतात, तेव्हा ‘आपण समान झालो’ असं लिहू नका. ‘फिटंफाट झाली’ म्हणा.