फोर बाय फोर घेताना : यवतेश्वरचा घाट आणि कोटेशनच्या अकरा ओळी

जावळी तालुक्यात आमचे वडिलोपार्जित शेत आहे आणि डांबरी रस्ता संपल्यावर तिथे पोहोचायला दोन किलोमीटर लाल मातीची वाट आहे. जून ते सप्टेंबर या काळात त्या वाटेवर साधी गाडी घातली, की ती बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, हे आम्ही दोन वेळा अनुभवले आहे. शिवाय घरात सर्वांनाच लांबच्या प्रवासाची आवड आहे. वर्षातून दोन-तीन वेळा कोकण, जमल्यास कर्नाटक आणि एकदा तरी स्पितीचे खोरे, असा आमचा बेत असतो. चिखलाची वाट आणि हजार-दीड हजार किलोमीटरचा हायवे ही दोन्ही कामे एकाच गाडीकडून करून घ्यायची होती, म्हणून 2025 च्या जुलैमध्ये आम्ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी शोधायला सुरुवात केली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी दारात आली. मधल्या चार महिन्यांत जे पाहिले, मोजले आणि घासाघीस करून मिळवले, ते ही खरेदी करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी गरज नीट तपासावी. चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्याच गाड्या एका जातीच्या नसतात. ज्यांत लो रेंज, म्हणजे चाकांचा वेग कमी करून त्यांचा जोर वाढवणारी गिअरची वेगळी जोडी असते, त्या गाड्या चिखलातून, दगडगोट्यांतून आणि खड्या चढावरून मुंगीच्या चालीने, पण न दमता वर येतात. ऑल व्हील ड्राइव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांत ही सोय नसते. निसरड्या रस्त्यावर पकड मिळावी एवढाच त्यांचा हेतू असतो. आपल्याकडे आमच्या आवाक्यातल्या किमतीत मिळणाऱ्या लो रेंजच्या गाड्या बहुतांशी पार्ट-टाइम पद्धतीच्या आहेत. याचा अर्थ असा, की कोरड्या डांबरी रस्त्यावर त्या दोन चाकांवरच चालवायच्या असतात. तिथे फोर हाय (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद) लावून वळणे घेतली, तर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते आणि तो ताण थेट गिअरच्या यंत्रणेवर येतो. घाटरस्त्यांवर फिरणे एवढीच ज्यांची गरज आहे, त्यांनी त्याच गाडीचे टू व्हील ड्राइव्ह मॉडेल घेऊन वरचे दोनेक लाख रुपये चांगल्या टायरांवर आणि प्रवासावर खर्च करावेत, असे माझे प्रामाणिक मत आहे. आमच्याकडे ती वाट नसती, तर आम्हीही तेच केले असते.

आमच्यापुढे चार गाड्या होत्या. फॉर्च्युनर आमच्या आवाक्याबाहेरची असल्याने तिचा विचार केलाच नाही. मारुतीची पाच दरवाजांची जिमनी मला मनापासून आवडली. जेमतेम बाराशे किलो वजन, पुढे-मागे अखंड अॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच आस) आणि खरी लो रेंज, यांमुळे चिखलात ती जड गाड्यांना सहज मागे टाकते. परंतु तिच्यात चारच माणसे बसतात, मागची सीट उभी असताना सामानासाठी 208 लिटरच जागा उरते आणि टाकी 40 लिटरची आहे. आम्ही पाच माणसे, त्यामुळे प्रश्नच मिटला. दोघांचे कुटुंब असते, तर मी डोळे मिटून जिमनी घेतली असती. फोर्सची पाच दरवाजांची गुरखा 2024 च्या मे महिन्यात आली. पुढच्या आणि मागच्या दोन्ही अॅक्सलना यांत्रिक डिफरन्शियल लॉक (एक चाक जागीच फिरू लागले तरी दुसऱ्याला जोर देणारी सोय), कारखान्यातूनच बसवून मिळणारा स्नॉर्केल (पाण्यातून जाताना इंजिनला उंचावरून हवा पुरवणारी नळी) आणि 2.6 लिटरचे डिझेल इंजिन, एवढी सामग्री या किमतीत दुसरे कोणी देत नाही. मात्र ती फक्त मॅन्युअल मिळते, एअरबॅग दोनच आहेत आणि हायवेवर तासन् तास बसण्याच्या दृष्टीने ती आम्हाला कष्टाची वाटली. ज्याचे निम्मे आयुष्य रानात जाते, त्याने ती जरूर पाहावी.

उरल्या महिंद्राच्या दोन गाड्या, थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन. दोन्हींत 2.2 लिटरचे डिझेल इंजिन आणि 57 लिटरची टाकी आहे, आणि दोन्हींत फोर बाय फोर फक्त डिझेलबरोबरच मिळते. रॉक्सची बॉडी ऑफ-रोडसाठी अधिक सोयीची आहे, मागची सीट प्रशस्त आहे आणि भारत एनकॅपच्या धडक-सुरक्षा चाचणीत तिला पाच तारे मिळाले आहेत. स्कॉर्पिओ-एनलाही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे आहेत. कागदावर पाहून या दोघींत निवड करणे अशक्य होते.

यासाठीच टेस्ट ड्राइव्हबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. शोरूमकडून टेस्ट ड्राइव्ह म्हणजे साधारणपणे विक्री सल्लागाराला शेजारी बसवून सपाट रस्त्यावर मारलेली दहा मिनिटांची फेरी, आणि तीही टू व्हील ड्राइव्ह गाडीत. आम्ही तीन गोष्टींचा आग्रह धरला. गाडी फोर बाय फोरच हवी, तिच्यात घरची पाचही माणसे बसतील आणि आमच्या नेहमीच्या चार बॅगा मागे ठेवल्या जातील. एका शोरूममध्ये यावर स्पष्ट नकार मिळाला, दुसऱ्या ठिकाणी आठ दिवस थांबावे लागले, पण ते थांबणे सार्थकी लागले. आम्ही साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने गेलो आणि परत आलो. त्या घाटातली वळणे आणि खडबडीत पट्टे यांवर गाडीचा स्वभाव पंधरा मिनिटांत कळतो. रॉक्समध्ये मी चालवताना खूश होतो, पण मागे बसलेल्या आईने दुसऱ्याच वळणावर वरची मूठ पकडली ती खाली उतरेपर्यंत सोडली नाही. स्कॉर्पिओ-एनमध्ये त्याच वळणांवर ती मुलीशी बोलत होती. मागच्या सस्पेन्शनबद्दल माहितीपत्रकात वाचले होते. त्याचा खरा अर्थ मला आईच्या हाताकडे पाहून समजला.

वडिलांचे वय 72 आहे आणि त्यांचा उजवा गुडघा दुखतो. दोन्ही गाड्यांत त्यांना चढता-उतरताना मी मुद्दाम बाजूला उभा राहून पाहिले. दोन्ही उंचच आहेत. पण स्कॉर्पिओ-एनमध्ये पायरीवर पाय टाकून, खांबावरच्या मुठीला धरून ते एका दमात आत गेले. बॅगांच्या बाबतीत मात्र हीच गाडी उणी पडते. तिसरी रांग उभी असेल, तर मागे एक मोठी बॅगही नीट राहत नाही. ती रांग दुमडून ठेवली, तरच पाच माणसांचे सामान व्यवस्थित बसते. म्हणजे सात आसनांची गाडी घेऊन आम्ही ती पाच आसनांची म्हणूनच वापरणार, हे त्याच दिवशी मनाशी मान्य केले आणि डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर स्कॉर्पिओ-एन पक्की केली.

आता किमतीकडे येतो. आम्ही ऑगस्टमध्ये कोटेशन घ्यायला लागलो तेव्हा एका सल्लागाराने गणपतीपूर्वी बुकिंग करा, नंतर भाव वाढतील, असा सारखा तगादा लावला होता. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटीतील बदलांची घोषणा झालेली असल्याने आम्ही थांबलो. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय झाला आणि 22 सप्टेंबरपासून अशा मोठ्या गाड्यांवरचा 28 टक्के जीएसटी व 20 ते 22 टक्के उपकर असा 48 ते 50 टक्क्यांचा भार जाऊन सरसकट 40 टक्के कर लागू झाला. एवढा फरक कोणत्याही घासाघिशीने पडला नसता. दसऱ्याचा मुहूर्तही आम्ही सोडून दिला, कारण त्या आठवड्यात शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि गर्दी असताना कोणीच एक रुपयाही सोडत नाही.

दिवाळी उरकल्यावर तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन मागवले. तोंडी सांगितलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी छापून घेतली. सर्वांत लांबलचक कोटेशनमध्ये अकरा ओळी होत्या. बहुतेक ग्राहक एकूण बेरजेवर बोलतात आणि सल्लागार त्या बेरजेतून दहा-पंधरा हजार कमी करून त्यांना समाधानाने घरी पाठवतो. पाणी कुठे मुरते ते ओळीओळीने पाहिल्याशिवाय समजत नाही.

एक्स-शोरूम किंमत (रस्ता कर व विमा धरण्यापूर्वीची) कंपनी ठरवते, तिथे फारसे काही होत नाही. रस्ता कर सरकारचा आहे. महाराष्ट्रात डिझेल गाडीला पेट्रोल गाडीपेक्षा दोन टक्के अधिक कर पडतो, म्हणजे वीस लाखांच्या गाडीला चाळीस हजारांचा फरक. तो गाडी निवडतानाच हिशेबात धरायला हवा. दहा लाखांवरील गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर) आकारला जातो, पण तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, म्हणून त्याला खर्च समजू नये. या तीन ओळींवर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

खरी घासाघीस विम्यापासून सुरू होते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा 2018 च्या सप्टेंबरपासून सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता ठरलेला असतो. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) आणि इंजिनचे संरक्षण यांचे दर कंपनीगणिक बदलतात. विमा कोठून घ्यावा हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. शोरूमच्या कोटेशनमध्ये विम्यापोटी 94 हजार रुपये लावले होते. त्याच विमाकृत मूल्याचे आणि त्याच संरक्षणांचे कोटेशन मी बाहेरून 67 हजारांना आणले आणि टेबलावर ठेवले. सल्लागाराने दहा मिनिटे आत जाऊन विचारले आणि 69 हजारांत तयार झाला. दाव्याच्या वेळी शोरूमशी सोपे पडावे म्हणून वरचे दोन हजार मी आनंदाने दिले. पाण्यातून गाडी नेणार असाल, तर इंजिनचे संरक्षण मात्र कोणत्याही परिस्थितीत वगळू नका.

एका शोरूमने हँडलिंग चार्जेस म्हणून साडेबारा हजार रुपये लावले होते. ही रक्कम नेमकी कशाची, आणि तिची जीएसटीसह पावती मिळेल का, असे दोनच प्रश्न मी शांतपणे विचारले. उत्तर मिळाले नाही, रक्कमही हटली नाही, म्हणून मीच तिथून उठलो. दुसऱ्या ठिकाणी अॅक्सेसरीजचे 48 हजारांचे पॅकेज सक्तीचे असल्याचे सांगण्यात आले. त्यात सिरॅमिक कोटिंग, सीट कव्हर, दरवाजांच्या कडा आणि पुढचा लोखंडी गार्डसुद्धा होता. असे गार्ड 2017 च्या डिसेंबरपासून केंद्र सरकारने बेकायदा ठरवले आहेत आणि धडकेच्या वेळी एअरबॅगच्या कामात ते अडथळा आणू शकतात. ते ग्राहकाच्या गळ्यात मारणे मला अतिशय गैर वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. आम्ही शेवटी फक्त मॅट, मडफ्लॅप आणि बाजूच्या पायऱ्या घेतल्या.

जुन्या गाडीचा व्यवहार मी मुद्दाम वेगळा ठेवला. एक्स्चेंज बोनसच्या मोठ्या आकड्यामागे जुन्या गाडीची किंमत पाडलेली असते आणि दोन व्यवहार एकत्र झाले, की कोणत्या खिशातून कोणत्या खिशात गेले ते कळत नाही. जुनी गाडी गावातच एका ओळखीच्या गृहस्थांना दिली. कर्ज आमच्या नेहमीच्या बँकेतून घेतले. या दोन्ही गोष्टी आधी ठरलेल्या असल्याने वाढीव वॉरंटीवर सूट मागताना मला हातचे राखून बोलावे लागले नाही. घाई नाही, पैसे तयार आहेत आणि आजच बुकिंग करतो, हे तीन शब्दप्रयोग खरे असतील, तर त्यांच्याइतके वजन दुसऱ्या कशालाच नसते. विमा, अॅक्सेसरीज आणि वॉरंटी मिळून पहिल्या कोटेशनपेक्षा सुमारे 71 हजार रुपये कमी झाले.

गाडी पासिंगला जाण्यापूर्वी यार्डात जाऊन तपासण्याची अट बुकिंगच्या पावतीवर लिहून घेतली होती. एकदा आरटीओमध्ये आपल्या नावावर नोंद झाली, की दोष असलेली गाडी नाकारणे फार कठीण होते. सकाळच्या उजेडात पत्र्याचा रंग, चारही टायरवरचा उत्पादनाचा आठवडा, चॅसिस नंबर आणि मीटरवरचे किलोमीटर पाहिले. फॉर्म 21 वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. ते चॅसिस नंबरशी पडताळून घ्यावे. गाडी सुरू करून टू हाय, फोर हाय आणि फोर लो तिन्ही प्रत्यक्ष लावून पाहिले, कारण ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले ती गोष्टच तपासायची राहून जाते. स्टेपनी, जॅक आणि पाना बाहेर काढून पाहिला. आम्ही ज्यांच्याकडून गाडी घेतली, त्या तरुण सल्लागाराने दीड तास सोबत उभे राहून हे सर्व न कंटाळता करू दिले, याचे मला फार कौतुक वाटते.

गाडी आल्यावर पहिल्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि शेताची वाट भिजली. ओढ्याजवळच्या चढावर फोर लो लावून पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला, तेव्हा गाडी अॅक्सिलरेटरला पाय न लावता हळूहळू वर गेली. वडील शेजारी बसले होते. त्याच जागी पूर्वी दोरी बांधून गाडी ओढल्याची आठवण त्यांनी काढली. हायवेवर एका लिटरला 13 किलोमीटरच्या आसपास मिळते, घाटात त्याहून कमी. साताऱ्यातल्या पेठांमधून ती रुंद वाटते आणि तिसरी रांग दुमडून ठेवूनही बरीच जागा अडवते, ही तक्रार कायम राहील. शहरात रोज पाच-सहा किलोमीटरच चालवणाऱ्याने हे डिझेल इंजिन घेऊच नये, कारण डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) साफ व्हायला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावे लागते. आम्ही दर रविवारी शेतावर जातो, त्यात ते आपोआप होते. स्पितीचा बेत पुढच्या जूनचा आहे. आईला बाजूच्या पायऱ्याही थोड्या उंच पडतात, म्हणून एक छोटे लाकडी पाट मागच्या जागेत कायमचे ठेवले आहे.