रेसिडेंट इव्हिल ४: २००५ चा घ्यायचा की २०२३ चा?

स्टीमवर, म्हणजे पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, रेसिडेंट इव्हिल ४ हा भीतीचा गेम शोधला की दोन गेम समोर येतात, एक जुना आणि एक रिमेक, म्हणजे तोच नव्यानं बनवलेला, आणि ज्यानं एकही खेळलेला नाही त्याचा गोंधळ होणारच. नवीन आलाय ना, मग जुना कशाला, असं बरेच जण सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. मी दोन्ही पुन्हा पुन्हा खेळलोय, रिमेक जबरदस्त आहे यात वादच नाही, पण तो जुन्याची जागा घेत नाही.

मूळ गेम जानेवारी २००५ मध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूब या कन्सोलवर आला, डायरेक्टर शिंजी मिकामी. खांद्यामागचा कॅमेरा आज सगळीकडे दिसतो म्हणून त्याचं काही वाटत नाही, पण तो रुळवला या गेमनं. खरी गंमत मात्र वेगळीच आहे, नेम धरला की लिऑन, म्हणजे आपण खेळतो तो नायक, जागचा हलत नाही. चालता चालता गोळी मारणं नाहीच. सुरुवातीला याचा भयंकर राग येतो, पण थोडं खेळलं की लक्षात येतं की अख्खा गेम याच एका गोष्टीवर उभा आहे. गावकरी कुऱ्हाडी घेऊन धावत येतात, जवळ आले की जरा हळू होतात, आणि तेवढ्या वेळात तुम्ही ठरवायचं की गुडघ्यावर गोळी घालून तो वाकला की लाथ मारायची, का सरळ पाठ फिरवून पळायचं. प्रत्येक गोळीआधी थांबावं लागतं आणि थांबलं की भीती वाटते.

रिमेकमध्ये लिऑन चालत नेम धरतो, वाकून मागून जातो, चाकूनं चक्क चेनसॉ अडवतो. एवढं सगळं दिल्यावर घाबरवायचं कसं? तर शत्रू जास्त आक्रमक केले, गोळी लागली की समोरचा दर वेळी लडखडेलच याची खात्री काढून घेतली, आणि चाकू झिजतो, ऐन वेळी तुटतो, मग मर्चंटकडून, म्हणजे गेममधल्या दुकानदाराकडून, दुरुस्त करून घ्या. म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, आणि हिशोब बरोबर जमलाय.

माझ्यासाठी सगळ्यात बोलकी जागा गावातलीच. जुन्या गेममध्ये पहिल्या मारामारीत खूप जण मनोऱ्यावर चढून बसायचे, शिडीनं वर येईल त्याला पाडायचं, अधूनमधून आगीचे बोळे चुकवायचे आणि चर्चची घंटा वाजेपर्यंत वेळ काढायचा. रिमेकमध्ये तीच युक्ती करायला वर गेलात की फळ्या मोडतात आणि तुम्ही धाडकन खाली. बनवणाऱ्यांनी जुना गेम नुसता बघितलेला नाही, लोक तो कसा खेळायचे तेही त्यांना पाठ होतं. याला मी मान राखणं म्हणतो. घंटा वाजल्यावरचा लिऑनचा बिंगोवाला डायलॉगसुद्धा त्यांनी जपलाय.

बाकी हिशोब असा. रिमेकमध्ये लिऑनचा साथीदार लुईस खरा माणूस वाटतो, त्याला वेळ दिलाय. लिऑन जिला सोडवायला आलाय त्या ॲशलीचा हेल्थ बार (जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी) गेला आणि तिच्यामुळे होणारी आपली चिडचिड बंद झाली. क्राउझर या खलनायकाबरोबरची चाकूची मारामारी आधी नुसती बटणं दाबायची कटसीन, म्हणजे मधला सिनेमासारखा प्रसंग, होती, आता पूर्ण फाइट आहे. गेलं काय, तर लेझरचा कॉरिडॉर मूळ मोहिमेतून गेला, सालाझार या खलनायकाचा चालणारा प्रचंड पुतळा गेला, आणि तो सगळा वेडेपणा, म्हणजे मालिकेनं भीतीच्या मध्येच केलेली मस्ती, बरीच आवरली गेली. मला तिची आठवण येते. शिवाय एडा या दुसऱ्या पात्राची सेपरेट वेज ही मोहीम प्लेस्टेशन २ वर गेमसोबतच मिळायची, रिमेकमध्ये ती सप्टेंबर २०२३ मध्ये वेगळे पैसे देऊन घ्यावी लागली.

आता जागा घेणं म्हणजे काय ते बघा. वॉरक्राफ्ट ३ या गेमची रिफोर्ज्ड ही नवी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आली आणि ज्यांच्याकडे २००२ पासूनचा मूळ गेम होता त्यांच्याही कॉम्प्युटरवर तीच लादली गेली, वर लॅडर (ऑनलाइन क्रमवारी) आणि क्लॅन (खेळाडूंचे गट) यांसारख्या गोष्टी सुरुवातीला गायब. शेवटी पैसे परत द्यावे लागले. जीटीएचं त्याहून वाईट. आपल्याकडे सायबर कॅफेत वाढलेल्या एका अख्ख्या पिढीचा व्हाइस सिटी, तो आणि मालिकेतले सॅन अँड्रियाससारखे त्याचे जुने भाऊ ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले आणि पुढच्याच महिन्यात त्यांची डेफिनिटिव्ह एडिशन आणली, तांत्रिकदृष्ट्या रिमास्टर, म्हणजे जुनाच गेम चकचकीत केलेला, पण पाऊस असा की समोरचं दिसेना, बिली जीन गाणं नाही, सॅन अँड्रियासमधलं धुकं गेल्यामुळे एवढा मोठा वाटणारा नकाशा एका नजरेत मावायला लागला. लोक इतके भडकले की जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारला माफी मागून पीसीवरचे जुने गेम परत विकायला ठेवावे लागले. रिमेक वाईट असला तरी दुःख नाही हो, जुना शेजारी मिळत असेल तर. जुना काढून घेतलात की मग मात्र नव्यानं कितीही चांगलं केलं तरी ते पुसणंच झालं.

रेसिडेंट इव्हिल बनवणाऱ्या कॅपकॉमनंही हे नेहमीच नीट केलंय असं नाही. रेसिडेंट इव्हिल २ चा रिमेक २०१९ ला आला, पण १९९८ चा मूळ गेम पीसीवर पुन्हा सरळ विकत मिळायला २०२४ उजाडलं, तेव्हा तो जीओजी या ऑनलाइन दुकानात आला. ४ च्या बाबतीत दोन्ही एकाच दुकानात आहेत ही मोठी गोष्ट आहे.

तर घ्यायचा कुठला? लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रश्नच मिटला, जुना घ्या, रिमेकला जीटीएक्स १०५० टीआय या ग्राफिक्स कार्डाच्या आसपास काहीतरी लागतंच. दोन्ही चालत असतील तर माझं म्हणणं जुना आधी, कारण रिमेकच्या मोकळ्या हालचालींची सवय लागली की जुन्यात जाऊन पाय खिळलेले सहन होत नाहीत आणि लोक गावातच गेम सोडून देतात. फक्त एकच खेळणार, वेळच नाही, असं असेल तर रिमेक घ्या, पस्तावणार नाही. जुना घेताना २००७ चा पीसी पोर्ट (पीसीसाठी केलेली आवृत्ती) टाळा, त्यात माउसनं नेमच धरता येत नाही. २०१४ चा घ्या, त्यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेला आणि २०२२ मध्ये पूर्ण झालेला एचडी प्रोजेक्टचा फुकट मॉड, म्हणजे चित्रं सुधारणारी भर, टाका, आणि जमलं तर कंट्रोलरवर खेळा. तळ्यातल्या देल लागो या राक्षसापर्यंत तरी दम धरा.