चालू टेबलवर ‘नॉट नल’: एका फटक्यात की टप्प्याटप्प्याने?

पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या ऑर्डर्स टेबलचा पिनकोड आतापर्यंत रिकामा (नल) चालत होता, आता तो सक्तीचा (‘नॉट नल’) करायचा आहे. रस्ते दोन. कोणता घ्यायचा हे टेबल किती मोठं आहे आणि त्यावर किती वर्दळ आहे, यावर ठरवा.

‘सेट नॉट नल’ थेट चालवलं तर एका ओळीत काम होतं. एक जरी नल सापडला तरी एरर येते आणि टेबल होतं तसंच राहतं. पण तपासणी संपेपर्यंत टेबलवर अ‍ॅक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक असतो, म्हणजे साधं सिलेक्टसुद्धा खोळंबतं. काही हजार ओळींच्या मास्टर टेबलला याचा पत्ताही लागत नाही. तिथे दुसऱ्या रस्त्याचा खटाटोप करूच नका.

दिवसरात्र चालणाऱ्या मोठ्या टेबलला मात्र मी दुसराच रस्ता सुचवेन. आधी ‘पिनकोड इज नॉट नल’ असं चेक कन्स्ट्रेंट (प्रत्येक ओळीने पाळायचा नियम) ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून जोडायचं. जुन्या ओळी तपासल्या जात नाहीत, त्यामुळे लॉक क्षणभराचाच. मग जुन्या ओळी तपासणारं ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’; हे चालू असताना वाचणं-लिहिणं सुरू राहतं. शेवटी ‘सेट नॉट नल’. आवृत्ती १२ पासून पोस्टग्रेस त्या चेकवर विश्वास ठेवून पुन्हा स्कॅन करत नाही. मग चेक काढून टाका. आवृत्ती १८ मध्ये ‘नॉट नल’च थेट ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून जोडता येतं, चेकचा वळसा लागत नाही.

यात दोन ठिकाणी लोक अडकतात. ‘नॉट व्हॅलिड’ असलं तरी जुनी ओळ अपडेट करताना नियम लागतो. पिनकोड नसलेल्या जुन्या ऑर्डरचं फक्त स्टेटस ‘डिलिव्हर्ड’ करायला गेलात तरी एरर येईल. म्हणून आधी अ‍ॅप सुधारा, जुने नल थोडे थोडे करून भरा, मगच चेक जोडा. दुसरं, हे टप्पे वेगवेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पूर्ण होणाऱ्या कमांड्सच्या गटात) हवेत. टेबलमधले बदल चालवणाऱ्या मायग्रेशन टूलने सगळं एकातच गुंडाळलं तर पहिल्या टप्प्याचा लॉक शेवटपर्यंत सुटत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

रस्ता कुठलाही घ्या, ‘लॉक टाइमआउट’ (लॉकसाठी किती वेळ थांबायचं याची मर्यादा) दोन-तीन सेकंदांचा ठेवाच. एखादा लांबलेला रिपोर्ट चालू असेल तर टेबल बदलणारी ऑल्टर कमांड त्याच्यामागे थांबते, आणि ऑल्टरमागे बाकी सगळ्या क्वेरी.