अंबापाणीच्या नावाने विकली जाणारी पितळी चकती

अंबापाणीची लढाई आणि खाज्या नाईकांचं नाव सांगून खानदेशात जुन्या लष्करी बंदुकांचं बनावट सामान विकलं जातंय. मी त्यात फसलो आहे. हे रागानेच लिहितोय, कारण एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्याच्या त्या डोंगरात खाज्या नाईकांसोबत जे भिल्ल इंग्रजांशी लढून मेले, त्यांच्या नावावर हा धंदा चाललाय.

विकणारा सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या कडेला भेटला. पन्नाशीचा, बोलणं अगदी घरचं. फडक्यातून संगीन, म्हणजे बंदुकीच्या तोंडाला लावायचं पातं, काढत म्हणाला, “भाऊ, हाई आमना आजानी शे.” आजा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होता म्हणे. सोबत एक पितळी चकती, मधोमध स्क्रूचं भोक, वर इंग्रजीत ‘के बी सी १८५७’ ठोकलेलं. के बी सी म्हणजे खानदेश भिल्ल कोअर, इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये धरणगावला उभी केलेली इंग्रजांची पलटण. त्या पलटणीची बंदूक अंबापाणीत आपल्या माणसांनी हिसकावली आणि ही चकती तिच्या दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाची, असं तो सांगत होता. दोन्ही मिळून अठरा हजार. थोडे रोख दिले, बाकीचे फोनवरून.

आधी संगिनीचं सांगतो, कारण हाच माल सगळ्यात जास्त फिरतो. पहिल्या महायुद्धातल्या इंग्रज फौजेच्या ली-एन्फिल्ड रायफलीची १९०७ पॅटर्नची, म्हणजे नमुन्याची, संगीन, सतरा इंचांचं पातं, लाकडी मूठ. सुरुवातीच्या संगिनींच्या मूठ आणि पात्यामधल्या आडव्या दांडीला खाली वळलेला हुक असायचा. १९१३ मध्ये तो बंद झाला, आणि वापरातल्या कित्येक संगिनींचे हुकही कापून टाकले गेले. त्यामुळे हुक शाबूत असलेल्या संगिनीला जमवणारे बरेच जास्त पैसे मोजतात. साहजिकच हुक मागाहून डकवणारेही निघाले. मुठीलगतच्या पात्यावर मुकुट, राजाची अक्षरं आणि १९०७ असा आकडा असतो. विकणारे तेच बनावटीचं वर्ष म्हणून दाखवतात, पण ते नमुन्याचं वर्ष आहे आणि महायुद्धात घडवलेल्या संगिनीवरही तेच असतं. घडवल्याचा महिना आणि वर्ष त्याच्या खाली, बारीक आकड्यांत.

माझ्या संगिनीवर नेमकं तिथेच काळपट पुट होतं. जुना मळ वाटावा असं. सैन्यातून आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, म्हणून निवृत्त झालेले एक हवालदार ओळखीचे आहेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला तसं लाख आणि मेण सुटून आलं आणि खाली ‘१७’ दिसलं. म्हणजे १९१७ सालची संगीन, आणि तिला हुक! मग भिंग लावलं. खरा हुक आणि दांडी एकाच लोखंडातून घडवलेली असतात. इथे मध्ये बारीक रेघ होती, वेल्डिंगचा उंचवटा कानशीने घासून वर ॲसिडने गंज चढवलेला. “दांडी म्हातारी आणि हुक काल जन्मलेला,” तात्या म्हणाले. संगीन खरी आहे, हुक खोटा.

चकती मात्र मुळापासून खोटी. दस्त्याच्या बाजूला स्क्रूने बसवायची पितळी चकती ही ली-एन्फिल्ड आणि तिच्या आगेमागच्या रायफलींची गोष्ट. १८५७ सालची एन्फिल्ड म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची बंदूक, पॅटर्न १८५३. तिच्यावर पलटणीची खूण दस्त्याच्या टोकाच्या पितळी पट्टीची जी जीभ वरच्या अंगाला वळते तिच्यावर ठोकलेली सापडते. शिवाय जुन्या ठशाच्या खाचेत पितळ बाकी चकतीइतकंच काळवंडलेलं असतं. माझ्या चकतीत ‘के’च्या कोपऱ्यात पितळ पिवळंधमक चमकत होतं.

पैसे परत मागायला फोन केला तेव्हा त्याने आधी दुसरंच आमिष दाखवलं: “आख्खी रायफल देतो, ॲडव्हान्स टाका. शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही.” हे धडधडीत खोटं आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशाच जुन्या हत्याराला. गोळी सुटू शकते अशी रायफल कितीही जुनी असो, परवान्याशिवाय बाळगली तर तुरुंगाची वाट. मी नकार दिला तसा सूर बदलला. “तुमच्या घरात सतरा इंचांचं हत्यार आहे, पोलिसांना कळवू का?” खरी मेख इथे आहे. या एका वाक्याला घाबरून माणसं पैसे सोडतात आणि गप्प बसतात. चोपड्याच्या एका जमवणाऱ्याने तर गप्प राहण्यासाठी त्याला आणखी पैसे दिले.

मी संगीन, चकती, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि फोनचं रेकॉर्डिंग घेऊन स्वतःच पोलिस ठाण्यात गेलो. संगिनीची नोंद करून घेतली, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची लेखी तक्रार दिली. फोनवरून गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर कळवलं. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त, मला उशीर झाला होता. पैसे अजून मिळालेले नाहीत.

तो माणूस अजून फिरतोय. गेल्या महिन्यात तशाच चकतीचा फोटो शिरपूरकडून मला आला, या वेळी साल १८५८. त्याच्याकडून ज्यांनी काही घेतलं असेल त्यांनी वस्तू घासूनपुसून साफ करू नका, आहे तशी ठेवा आणि आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या. एकट्याची तक्रार अडकून पडली आहे, चार जणांच्या आल्या तर तपास हलेल.