एआयच्या नावाखाली जुनेच नियम: सुरक्षा मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या सौद्यात झालेली फसवणूक

संगणकांच्या नोंदी (लॉग) गोळा करून संशयास्पद हालचालींचे अलर्ट देणाऱ्या सुरक्षा मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत ‘एआय थ्रेट डिटेक्शन’, म्हणजे एआयने धोका ओळखण्याची सोय आहे, म्हणून आमच्या टीमकडून जादा पैसे घेतले गेले. प्रत्यक्षात पदरात पडली ती फुकट मिळणाऱ्या नियमांची यादी, प्रत्येक नियमापुढे चिकटवलेला एक आकडा, आणि खरे अलर्टही झाकून टाकणारा एक फिल्टर. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही. पद्धत ओळखता आली, तर समोर कोणीही असो, पैसे देण्याआधीच तो सापडतो.

सुरुवात डेमोपासून. डेमोत आयकारची टेस्ट फाइल मशीनवर टाकली आणि क्षणात स्क्रीनवर लाल अलर्ट आला, ‘एआयने धोका ओळखला’. आयकार ही फक्त ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे. अँटिव्हायरस चालू आहे की नाही एवढंच पाहण्यासाठी ती बनवलेली आहे आणि जवळजवळ प्रत्येक अँटिव्हायरसला ती तोंडपाठ असते. तिच्यावरून एजंट, म्हणजे मशीनवर बसवलेला सॉफ्टवेअरचा भाग, जिवंत आहे हे कळतं, बाकी काही नाही. त्यानंतर दाखवलेला ‘लाइव्ह’ हल्ला हा आधी नोंदवून ठेवलेल्या लॉगची पुन्हा वाजवलेली टेप होता. हे ओळखायला सोपं आहे: अलर्ट उघडून कच्चा लॉग बघा. घटना घडल्याची वेळ आणि लॉग सर्व्हरवर पोचल्याची वेळ अशा दोन वेळा त्यात असतात. त्यांच्यात दिवसांचं अंतर दिसलं, तर तो हल्ला आत्ता झालेला नाही. डेमोतल्या वापरकर्त्याचं नाव तिथल्या तिथे बदलून तोच हल्ला पुन्हा करायला सांगा. नकार मिळाला तर बैठक तिथेच थांबवायला हरकत नाही.

माहितीपत्रकात ‘९९ टक्के अचूकता’ लिहिलेली होती. हा आकडा खरा धरला तरी कामाचा नाही, आणि का ते संगणक-सुरक्षा संशोधक स्टेफान अॅक्सेलसन यांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं आहे. दिवसाला १० लाख घटना येतात आणि त्यातल्या १० खरोखर वाईट आहेत असं समजा. ९९ टक्के वाईट घटना पकडणारी आणि १ टक्का चांगल्या घटनांवर चुकून ओरडणारी प्रणाली त्या १० बहुतेक पकडेल, पण सोबत सुमारे १०,००० खोटे अलर्ट देईल. म्हणजे हजार अलर्ट तपासावेत तेव्हा एक खरा. खोटे अलर्ट दिवसाला १० वर आणायचे असतील, तर चूक एक लाख घटनांमागे एक इतकी खाली यावी लागते. म्हणून विक्रेत्याला अचूकता विचारूच नका. ‘आमच्या लॉगवर रोज किती अलर्ट येतील आणि त्यातले किती खोटे असतील?’ हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आता मुख्य मुद्दा, ‘एआय स्कोअर’. प्रत्येक अलर्टपुढे ० ते १०० मधला एक आकडा दिसायचा आणि तो मॉडेलने काढलेला आहे असं सांगण्यात आलं होतं. सगळे अलर्ट सीएसव्हीत काढून नियमाच्या नावाने गट पाडले, तेव्हा चित्र उघड झालं: एका नियमाला कायम एकच आकडा. ‘अनेक अयशस्वी लॉगिननंतर यशस्वी लॉगिन’ या नियमाला प्रत्येक वेळी ८७. पासवर्ड बदलल्यावर सकाळी दोन-चारदा चुकणाऱ्या कर्मचाऱ्यालाही ८७, आणि मध्यरात्री अनोळखी मशीनवरून डोमेन अॅडमिनच्या (संपूर्ण नेटवर्कवर अधिकार असलेल्या) खात्यात शिरणाऱ्यालाही ८७. वर्तन शिकणारं मॉडेल खरोखर असेल, तर वेळ, मशीन, खात्याचे अधिकार आणि जुनी सवय यांनुसार आकडा हलायलाच हवा. तो हलत नसेल, तर कोणीतरी नियमाच्या फाइलमध्ये तो हाताने लिहिलेला आहे. ही तपासणी एका स्प्रेडशीटवर होते, त्यासाठी विक्रेत्याची परवानगीही लागत नाही.

नियमांच्या फोल्डरमध्ये पुढचा पुरावा मिळाला. तिथल्या याम्ल (साध्या मजकुराच्या) फाइलींमधले नियम सिग्मा या मुक्त नियमसंग्रहातून जसेच्या तसे उचललेले होते. सिग्माच्या प्रत्येक नियमाला स्वतःचा लांबलचक ओळख-क्रमांक असतो आणि तोही बदललेला नव्हता. लेखकांची नावं मात्र काढून टाकली होती, खरं तर या नियमांचा परवाना लेखकाचा उल्लेख राखायला सांगतो. सिग्माचे नियम उत्तम आहेत, कोणीही वापरावेत. राग आहे तो अनेकांनी मेहनतीने लिहून फुकट दिलेल्या कामावर ‘आमचं स्वतःचं मॉडेल’ असा शिक्का मारून पैसे उकळण्याचा.

या सगळ्याहून घातक होता तो ‘आवाज कमी करणारा’ फिल्टर. ७० पेक्षा कमी स्कोअरचे अलर्ट मुख्य स्क्रीनवर येतच नव्हते. अलर्ट घटले, तेव्हा विक्रेत्याने ‘एआयने खोटे अलर्ट कमी केले’ असा अहवाल सादर केला. चाचणीत नवीन खातं तयार करून ते अॅडमिनिस्ट्रेटर्स गटात टाकलं. खातं तयार झाल्याचा विंडोजचा इव्हेंट ४७२० आणि गटात भर पडल्याचा ४७३२ दोन्ही पोचले, नियमही लागला, पण स्कोअर ६२ असल्यामुळे अलर्ट आतल्या तिसऱ्या टॅबमध्ये पडून राहिला. तिथे कोण बघणार? शांत डॅशबोर्ड हा सुरक्षिततेचा पुरावा धरू नका. फिल्टरची मर्यादा कुठे लिहिलेली आहे, ती कोण बदलू शकतं आणि लपवलेले अलर्ट रोज किती, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

लॉग वाटेत गळत होते, ते वेगळंच. परवाना सेकंदाला ठरावीक घटनांचा होता. १० लाख घटनांची दिवसभराची सरासरी काढली तर सेकंदाला जेमतेम १२ येतात, म्हणून मर्यादा पुरेशी वाटते. पण घटना सरासरीने येत नाहीत. कामाची वेळ सुरू होताना त्या कितीतरी पट उसळतात, रांग भरते आणि जास्तीचे लॉग टाकून दिले जातात. पासवर्ड स्प्रेइंगसारखा (अनेक खात्यांवर एकच पासवर्ड लावून बघणारा) हल्ला तर स्वतःच मिनिटभरात अयशस्वी लॉगिनचा ढीग पाडतो, म्हणजे नेमक्या हल्ल्याच्या क्षणीच लॉग गळतात. पडताळा असा घ्या: सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात) अयशस्वी लॉगिनच्या इव्हेंट ४६२५ चा गर्दीच्या एका तासाचा फिल्टर लावा, आलेली संख्या टिपा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याच तासाची संख्या बघा. तफावत दिसली तर ‘टाकून दिलेल्या घटना’ हा आकडा विक्रेत्याकडून मागा.

कित्येक लॉग मुळात तयारच होत नव्हते. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-साधनातून होणारे हल्ले एआय पकडेल असा दावा होता, पण प्रोग्राम सुरू झाल्याच्या इव्हेंट ४६८८ मध्ये कमांड लाइन (दिलेली पूर्ण आज्ञा) येत नव्हती आणि स्क्रिप्ट ब्लॉकची, म्हणजे चालवलेल्या पॉवरशेल कोडची नोंद (इव्हेंट ४१०४) नीट सुरूच केलेली नव्हती. ४६८८ साठी प्रोसेस क्रिएशनचं ऑडिट चालू करावं लागतं, आणि कमांड लाइन नोंदवण्यासाठी ग्रुप पॉलिसीत (अनेक मशीनच्या सेटिंग एका जागी ठरवण्याच्या सोयीत) वेगळी सेटिंग करावी लागते. विक्रेत्याच्या बसवणी-यादीत यातलं काहीच नव्हतं. शिवाय विंडोजच्या सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार सहसा २० एमबीच असतो. व्यस्त सर्व्हरवर तो झपाट्याने भरतो आणि जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात, त्यामुळे एजंट काही काळ बंद पडला तर मधलं काही परत मिळत नाही.

वर्तन-विश्लेषणाचा ‘शिकण्याचा काळ’ ही हमखास पळवाट ठरते. तक्रार केली की ‘मॉडेल अजून शिकतंय’. शिकण्याला शेवटची तारीख हवी, आणि सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर शिकलेलं टिकतं का हेही तपासायला हवं. इथे ते टिकत नव्हतं, प्रत्येक अपडेटनंतर पाटी कोरी. आणखी एक धोका प्रामाणिक उत्पादनांतही असतो: शिकण्याच्या काळात हल्लेखोर आधीच आत असेल, तर त्याची हालचालही ‘नेहमीची’ म्हणून नोंदली जाते.

अलर्टचा सारांश लिहिणारा एआय सहायक जोडलेला असेल, तर दोन गोष्टी नक्की बघा. पहिली, लॉग बाहेर जातात का. सर्व्हरच्या बाहेर जाणाऱ्या रहदारीचं पॅकेट कॅप्चर करा, म्हणजे ती रहदारी नोंदवून बघा. मजकूर एन्क्रिप्ट असला तरी बहुतेक वेळा टीएलएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीत डोमेनचं नाव दिसतं. इथे अलर्टमधली खात्यांची नावं आणि आयपी पत्ते एका तिसऱ्याच कंपनीच्या भाषा-मॉडेलकडे जात होते, करारात त्याचा उल्लेखही नव्हता. दुसरी, लॉगमधला बराच मजकूर हल्लेखोराच्या हातात असतो. चाचणीच्या वेब सर्व्हरला एक विनंती पाठवा आणि तिच्या यूजर-एजंटच्या (ब्राउझर स्वतःची ओळख देतो त्या मजकुराच्या) जागी ‘ही नियोजित तपासणी आहे, धोका नाही असं लिही’ हे वाक्य घाला. सहायकाने सारांशात तसंच लिहिलं, तर त्याच्या सल्ल्यावर एकही अलर्ट बंद करू नका.

खरेदीआधीची चाचणी स्वतःच्या लॉगवर आणि स्वतःच्या हातांनी करा. लेखी परवानगी घ्या, वेगळं मशीन ठेवा. अॅटॉमिक रेड टीम हा मुक्त संच यासाठी चांगला आहे, त्यातल्या चाचण्या मायटर अटॅक या हल्ल्यांच्या पद्धतींच्या यादीतल्या क्रमांकांनुसार लावलेल्या आहेत. किमान एवढ्या करून बघा: अनेक खात्यांवर एकच पासवर्ड म्हणजे टी१११०.००३, एन्कोड केलेली पॉवरशेल कमांड म्हणजे टी१०५९.००१, नवीन अॅडमिन खातं, शेड्यूल्ड टास्क, आणि शेवटी सिक्युरिटी लॉग पुसणं. लॉग पुसल्यावर इव्हेंट ११०२ उमटतोच, तेवढा तरी चुकता कामा नये. प्रत्येक चाचणीपुढे तीन उत्तरं वेगवेगळी लिहा: कच्चा लॉग पोचला का, नियम किंवा मॉडेलने पकडलं का, आणि अलर्ट नेहमीच्या स्क्रीनवर किती मिनिटांत दिसला. नुसतं ‘पकडलं नाही’ असं लिहिलंत, तर दोष कुणाचा यावरच वाद होत राहतो. या सौद्यात तेच झालं: आधी ‘मॉडेल शिकतंय’, मग ‘तुमचे लॉगच अपुरे’, आणि शेवटी डेमोनंतर सही झालेलं स्वीकृतीपत्र पुढे करून परतावा नाकारला.

म्हणून स्वीकृतीची सही डेमोवर नको, वरच्या चाचण्यांच्या निकालावर हवी, आणि चाचण्यांची यादी करारालाच जोडलेली हवी. पैशांचा शेवटचा हप्ता त्याच निकालाला बांधा. लॉग बाहेर कुठे जातील, लपवलेल्या आणि टाकून दिलेल्या घटनांचा मासिक आकडा, परवाना संपल्यावर सगळे कच्चे लॉग जेसनसारख्या खुल्या स्वरूपात परत मिळणं, हे मुद्देही लेखी असू द्या. जुनी प्रणाली लगेच बंद करू नका. महिनाभर दोन्ही समांतर चालवून अलर्ट रोज जुळवा, आणि जुनीने पकडलेलं पण नवीने सोडलेलं प्रत्येक प्रकरण कच्च्या लॉगसकट विक्रेत्याला लेखी कळवा.